भोंगा ऐकणारी गाठ

बायको गेली तेव्हा मी डॉक्टरला पहिला प्रश्न केला तो असा, "लिव्हर नव्हतं ना?"

पोरगा आणि सून माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टर नवा होता, त्याला आमचं मागचं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "नाही आजोबा, हृदय बंद पडलं. लिव्हरचा काही संबंध नाही." ते ऐकून मला हायसं वाटलं. रडू मागून आलं, आणि आलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही. दुपारी ताटावर बसलो की येतं. पण आधी आलं ते हायसंच. सुनेला ते विचित्र वाटलं असणार, तिने बोलून दाखवलं नाही एवढंच. माणूस मेल्यावर हायसं कसं वाटतं ते तिला एकदा सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहायला घेतलं. तोंडाने सांगायला गेलो तर ते मध्येच राहून जातं.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. एक खोली, एक मोरी, वर पोटमाळा. माझी आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं. मी मिलमध्ये साचेवाला होतो, म्हणजे माग चालवायचो. संप झाला, त्याचं पुढे काय झालं ते सगळ्या गिरणगावाला ठाऊक आहे, मी नव्याने उगाळत नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर संपाच्या आधी घर मी चालवत होतो, संपानंतर बायकोने चालवलं. मी माझगावला गोदीत मिळेल ती हमाली केली, मग कुठे वॉचमन म्हणून उभा राहिलो. पण चूल पेटती राहिली ती तिच्या उकडीच्या मोदकांवर.

तिचा मोदक बघण्यासारखा असायचा. पारी एवढी पातळ की आतला गूळ बाहेरून दिसावा, आणि कळ्या अशा बारीक की मशीनने पाडल्यात म्हणावं. पहिली ऑर्डर आमच्याच चाळीतल्या एका बाईने आणून दिली, ती दादरला एका घरी कामाला जायची. मग दादरची घरं वाढली, गिरगावातली आली. गणपतीला तर आलीच, पण संकष्टीला, अंगारकीला, कुणाच्या सत्यनारायणाला, नवरात्रात पुरणपोळ्यांना. आणि प्रत्येक घर एकच विचारायचं, "सोवळ्यात करता ना?" ती हो म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं. पहाटे आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून ती बसायची आणि तोवर चहासुद्धा घ्यायची नाही.

आता जरा उघड लिहितो. ज्याला लाज वाटेल त्याने दोन परिच्छेद सोडून वाचावं.

माझी आई मालवणकडची, जुन्या वळणाची. घरातली बाई बाहेरची झाली की तिने बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही. गावाला ठीक आहे, तिथे पडवी असते, मागचं अंगण असतं. एका खोलीत बाजूला म्हणजे कुठे? बाजूला म्हणजे बाहेर गॅलरीत, जिन्यापाशी, पाण्याच्या पिंपाला लागून एक गोणपाट टाकून. नळावर जाणारा, संडासला जाणारा, कामावरून येणारा प्रत्येक माणूस तिला बघून जायचा आणि सगळ्या मजल्याला कळायचं. माझ्या बायकोला त्याची चीड होती. ती मला एकदा म्हणाली होती, "तुमचा पगार किती ते तुम्ही मित्राला सांगत नाही, आणि माझं मात्र अख्ख्या चाळीला पाठ." मी हसलो होतो. हसण्यापलीकडे मी काही केलं नाही, कारण त्या काळी कुणीच काही करत नसे.

मोदकांचं सुरू झाल्यावर तर बाजूला बसणं परवडेना. संकष्टीची ऑर्डर घेतलीय आणि आदल्या दिवशी बाई गॅलरीत, मग मोदक कोण करणार? तेव्हा आईनेच वाट काढली. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात पाळणा लांबवायच्या गोळ्यांची पाकिटं फुकट मिळायची. तिथली एक नर्सबाई आईच्या गावची. पाकिटात बऱ्याच पांढऱ्या गोळ्या आणि शेवटी थोड्या काळपट. काळपट सुरू केल्या की पाळी येते हे बायकांना बरोबर ठाऊक. मग काय, काळपट गोळ्या घ्यायच्याच नाहीत. पांढऱ्या संपल्या की दुसरं पाकीट फोडायचं. आधी फक्त गणपतीपुरतं होतं, मग गौरीपर्यंत, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार, आणि संकष्टी तर महिन्याला येते. शेवटी बारमाही झालं. काळपट गोळ्या ती तुळशीच्या डब्यात टाकायची, त्यात लोखंड असतं म्हणे. आमची तुळस सगळ्या मजल्यावर उंच होती.

मला हे थोडं थोडं दिसत होतं. पाकीट देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असायचं. एकदा विचारलं तर ती म्हणाली, "ते देवाचं आहे, बायकांचं. तुम्ही तुमच्या विड्या बघा." विषय संपला.

असं काही वर्षं चाललं. मग एका श्रावणात ती मोदकपात्रावरून उठताना वाकली आणि उजव्या बरगडीखाली हात धरून तशीच राहिली. पहिल्यांदा वाटलं वात आहे. मग काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं, त्याने डोळे बघून पाला दिला. डोळे पिवळे नव्हतेच. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पोट दाबून बघितलं, त्याच्या हाताला काहीतरी लागलं. त्याने सोनोग्राफीला पाठवलं. त्यात लिव्हरला गाठ निघाली आणि त्याने परळच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. कॅन्सरचं नाव त्याने घेतलं नाही. पण परळला त्या इस्पितळात कशासाठी जातात ते गिरणगावातल्या पोरालाही कळतं.

तिला बायकांच्या वॉर्डात भरती केलं. तपासणारी डॉक्टर बाई होती, चाळिशीची, बोलणं दादरकडचं, आवाज न चढवणारी. तिने सगळं विचारलं. कावीळ झाली होती का, कधी रक्त चढवलं का, घरात कुणाला असं होतं का, नवरा पितो का, ही पिते का. बायको ते ऐकून एवढी गोरीमोरी झाली की मीच नाही म्हटलं. मग विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?" बायको म्हणाली, नाही. "कुटुंबनियोजनाच्या गोळ्या?" बायको म्हणाली, "माझं ऑपरेशन झालंय, धाकट्याच्या वेळी." डॉक्टरीणबाईने मान हलवली आणि पुढे गेली. ज्या बाईचं ऑपरेशन झालंय ती कशाला गोळ्या घेईल? बायको खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. तिच्या लेखी ते औषधही नव्हतं आणि कुटुंबनियोजनही नव्हतं. ते देवाचं होतं. मीही शेजारी उभा होतो आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

सुई घालून गाठीचा तुकडा काढला. त्यानंतर तिला दिवसभर उताणं झोपवून ठेवलं, आतून रक्त जाऊ नये म्हणून. मी खाली बाकावर बसून राहायचो. तिथे एक कोळी नवराबायको भेटले, कफ परेडच्या मच्छीमार नगरातले. नवरा पुरुषांच्या वॉर्डातून उठून हवा खायला खाली यायचा. अंगाने खंगला होता, पोट तेवढं पुढे. त्याला लिव्हरचाच कॅन्सर होता, पक्का. त्याने स्वतःच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. त्याला कसलीशी गोळी सुरू केली होती आणि त्या गोळीवर तो फार खूश नव्हता.

"बायकांची गोली हाय ती," तो म्हणाला. "छातीच्या कॅन्सरला बायकांना देतान. आते मना देतान. उद्या साडी बी नेसवतीन."

त्याची बायको शेजारी बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "नेस ना. धुनं तरी करशील."

तो हसला आणि हसताना पोट धरलं. त्याला डॉक्टरांनी समजावलं होतं की बायकांच्या अंगातला जो रस असतो तो थोडा पुरुषातही असतो, आणि लिव्हरच्या गाठीला तो कळतो, म्हणून तो कळू नये अशी गोळी द्यायची. लागू पडली तर पडली, अशी ती बोली होती. त्याला त्यात रस नव्हता. नारळी पौर्णिमेला घरी सोडतील का, एवढंच तो प्रत्येकाला विचारायचा. सोडलं होतं त्याला. जाऊन आला आणि समुद्राला नारळ दिला म्हणून सांगत होता.

आमच्या तुकड्याचा रिपोर्ट आला आणि त्यातून काहीच सुटलं नाही. डॉक्टरीणबाईने मला उभं करून सांगितलं की पेशी जवळपास चांगल्या दिसतात, रक्तातही कॅन्सरची खूण सापडलेली नाही. पण लिव्हरचे काही कॅन्सर असे असतात की सुरुवातीला चांगल्यासारखेच दिसतात, आणि एवढ्या तुकड्यावरून खात्रीने सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरांचं मत ऑपरेशनचं होतं. लिव्हरचा बराचसा भाग कापून काढायचा. मी विचारलं, वाचेल का. ती म्हणाली, "ऑपरेशन मोठं आहे. न करण्यातही धोका आहे. गणपतीनंतर लगेच घेऊ."

मी वर जाऊन बायकोला सांगितलं, निम्मं सांगितलं. तिने अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "गिरगावच्या ऑर्डरी कुणाला देणार?"

"खड्ड्यात गेल्या ऑर्डरी," मी म्हटलं.

"तुम्हाला बोलायला काय जातं. एकदा दुसऱ्या बाईकडचे मोदक खाल्ले की घरं परत येत नाहीत." मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "मी गेले तर पोरांना आईंच्या हातचं तिखट सोसणार नाही. तेवढं बघा."

त्या दिवशी मी परळहून लालबागपर्यंत चालत आलो. रस्त्यात ठिकठिकाणी मंडप उभे राहत होते, गणपतीच्या कारखान्यांत रंग चालू होता. आमच्या मिलच्या फाटकावरून गेलो. फाटक बंद, भोंगा गेल्या कित्येक वर्षांत वाजलेला नाही. मला कसलीच भक्ती आठवली नाही. मी फक्त मोजून मापून विचार करत होतो की हिच्याशिवाय मला काय काय येतं. काहीच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः डबा घेऊन आली. ती इस्पितळात यायला तयार नसायची, तिथला वास तिला आवडत नसे. पण त्या दिवशी आली, पेज घेऊन, आणि पदराच्या गाठीत काहीतरी बांधून. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. आईने बायकोला पेज भरवली, आणि मग इकडेतिकडे बघून पदराची गाठ सोडली. त्यात ती पाकिटं होती. आईचं म्हणणं असं की इस्पितळात आल्यापासून हिच्या गोळ्यांत खंड पडलाय, अजून दोनचार दिवसांत घेतल्या तर गणपतीला घोटाळा होणार नाही, डॉक्टर सोडणारच आहेत. आईला ऑपरेशनचं मी सांगितलं नव्हतं.

नेमकी डॉक्टरीणबाई राउंडवर आली. तिने आईच्या हातातलं पाकीट बघितलं.

"हे काय आहे, आजी?"

आईने मूठ मिटली. "ता औषध न्हय, बाय. ता देवाचा असा."

"बघू तरी."

आईने नाइलाजाने मूठ उघडली. डॉक्टरीणबाईने पाकीट उलटं सुलटं करून बघितलं, मग बायकोकडे बघितलं. "तुमचं तर ऑपरेशन झालंय म्हणालात."

"झालंय की," बायको म्हणाली. "ह्या त्या कामाच्या नाहीत. ह्या सोवळ्याच्या आहेत."

"किती दिवस घेताय?"

उत्तर आईने दिलं. "दिवस कसले? संपापासना घेता ती."

डॉक्टरीणबाई शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसली. राउंडवरची डॉक्टर बसलेली मी पहिल्यांदा बघितली. तिने सगळं पुन्हा विचारलं, आणि बायकोने सगळं सांगितलं, मोदक, संकष्टी, गॅलरीतलं गोणपाट, काळपट गोळ्या तुळशीला. तुळशीचं ऐकून तिच्याबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांपैकी एकजण हसला, तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरीही सोवळ्यातले मोदक बाहेरून येतात. करणारी बाई त्यासाठी काय काय करते, हे आम्ही कधी विचारलंच नाही."

मला तिने बाहेर बोलावून समजावलं. मी चौथी शिकलेला, जेवढं समजलं तेवढं लिहितो. अंगातल्या रसांना हार्मोन म्हणतात. हार्मोन म्हणजे निरोप. निरोप कुणाला पोचायचा तर पेशीला, आणि पेशीत तो घ्यायला जागा असते, नेमकी त्या निरोपाच्या मापाची. निरोप त्या जागेत बसला की पेशीला हुकूम मिळतो, वाढ. स्तनाला, गर्भाशयाला अशा जागा असतात हे सगळ्यांना माहीत, पण लिव्हरलाही असतात. हिने वर्षानुवर्षं खंड न पाडता गोळ्यांतून तोच निरोप पाठवला. काही थोड्या बायकांत लिव्हरच्या पेशी असं झालं की गाठ धरतात. कॅन्सर नसलेली गाठ. "तशी असेल तर," ती म्हणाली, "असेलच असं मी म्हणत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे भोंगा वाजतोय म्हणून पेशी कामावर येतायत."

ती म्हणाली, "हो, तसंच म्हणा."

"मग भोंगा बंद केला तर?"

"तर गाठ बसायला पाहिजे. तेच बघायचंय. ऑपरेशन थांबवू, गोळ्या बंद करू आणि परत सोनोग्राफी करू. मोठ्या डॉक्टरांशी मी बोलते. पण लक्षात ठेवा, वजन उचलायचं नाही, आणि एकाएकी जोरात कळ आली तर घरी थांबायचं नाही, अशी गाठ आतून फुटू शकते."

मी त्या कोळ्याचं विचारलं. त्याच्याही गाठीला बायकांचा निरोप कळतो म्हणे, मग त्याची का नाही बसत? तिने हातातली फाईल मिटली. म्हणाली की कॅन्सरच्या पेशीत त्या जागा कधी असतात, कधी नसतात, पण ती पेशी त्या एका निरोपावर थांबून नसते. वाढीचे दुसरेही निरोप असतात, आणि ते घेणाऱ्या जागा पेशीच्या अंगावर भरमसाट उगवतात. काही वेळा तर ती पेशी निरोपही स्वतःच तयार करते आणि स्वतःच घेते. "त्याचा भोंगा आतच आहे," ती म्हणाली. "बाहेरून बंद करायला आम्हाला अजून जमत नाही." माझाच शब्द तिने मला परत दिला, पण मला त्याचं काही सुख झालं नाही. खाली गेलो तर तो बाकावर बसलेला, बायकोने आणलेली मांदेली खात. मला म्हणाला, खा. मी खाल्ली.

बायकोला घरी आणलं. आणि भोंगा बंद झाल्यावर व्हायचं तेच झालं, ऐन गणपतीच्या तोंडावर तिला पाळी आली. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा. ती काही न बोलता गोणपाट घेऊन गॅलरीत जाऊन बसली. ऑर्डरी होत्या त्या आईने अंगावर घेतल्या. आईला भाकरी यायची, मासळी यायची, मोदक कधी जमला नाही. पारी फाटायची, कळ्या जाड, एकेक मोदक लसणीच्या गड्ड्यासारखा. मी नारळ खोवून देत होतो. आई करत होती, मोडत होती, परत मळत होती. दाराच्या बाहेर बायको बसली होती, तिला सगळं दिसत होतं आणि तिचे हात मांडीवर आपोआप हलत होते. एकदा ती न राहवून म्हणाली, "आई, उकडीला तेलाचा हात लावा." आईने ऐकलं नाही असं केलं.

मग आईने पुढ्यातली उकड बाजूला सारली. देव्हाऱ्याकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं.

"ये, बस हंय," ती म्हणाली.

बायको म्हणाली, "मी बाजूला आहे."

"माका दिसता तू खंय आसस ता. माका ह्यो कळयो जमनत नाय. ये."

"अहो आई, गणपतीचे आहेत ते."

"म्हणान काय झाला? आवशीच्या आंगाच्या मळापासना झालो तो. त्येका कसलो इटाळ?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी खाली मान घालून नारळ खोवत राहिलो, कारण त्या क्षणी मी काही बोललो असतो तर दोघींनी मिळून मला धरलं असतं. ती उठली, मोरीत जाऊन आंघोळ केली, आणि आईच्या शेजारी येऊन बसली. दादरला आणि गिरगावात मोदक वेळेवर गेले. कुणी विचारलं, "सोवळ्यात केले ना?" तर आईने स्वतः सांगितलं, "व्हय." त्या दिवसापासून आमच्या घरातलं गोणपाट कोळसे भरायला गेलं. शेजारणींनी नाकं मुरडली, एकदोघींनी आईला टोकलं. आईचं त्यांना एकच उत्तर, की माझ्या सुनेचा डॉक्टर परळचा आहे, तुमचा कुठला? ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय ते कुणी विचारायला धजलं नाही.

दिवाळी झाल्यावर परत सोनोग्राफीला बोलावलं. मधल्या दिवसांत मी तिच्या तोंडापेक्षा तिच्या बरगडीकडे जास्त बघायचो. ती पाण्याची कळशी उचलायला गेली की मी ओरडायचो, ती म्हणायची, "एवढी काळजी लग्नात केली असती तर." तिकडे त्या सोनोग्राफीवाल्याने पोटाला गार चिकट लावलं आणि मशीनकडे बघत राहिला, चकार शब्द नाही. मला त्याचा राग आला. अरे बाबा, माणसाचा जीव टांगणीला लागलाय, निदान खोक तरी.

डॉक्टरीणबाईने दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या, एक जुनी, एक नवी. बराच वेळ बघितल्या. मग ती वळली आणि तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

"बसतेय," ती म्हणाली. "बरीच लहान झालीय. ऑपरेशन लागणार नाही."

मी खुर्चीवर बसलो, ती खुर्ची पेशंटची होती. बायको उभी राहिली, तिने पदर सारखा केला, आणि विचारलं, "म्हणजे वजन उचललं तर चालेल? दळण आणायचंय."

डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, अजून थोडे महिने नवऱ्याला आणू दे. ते थोडे महिने पुढे जन्मभर चालले. दळण मीच आणायचो.

तो कोळी त्याच हिवाळ्यात गेला. त्याची बायको एकदा लालबागला आमच्या घरी आली, सुके बोंबील घेऊन. त्याच्या गोळीने काही झालं नाही, पण काही वाईटही झालं नाही, असं म्हणाली. जाताना माझ्या बायकोच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तुजी गाठ शहाणी," म्हणाली. "सांगितलेलं ऐकलं." तिच्यासमोर आमचं हायसं वाटणंही चोरीचं वाटत होतं. मग ती गेल्यावर बायकोने बोंबील भाजले आणि आम्ही ते सगळे खाल्ले.

आता म्हणे कॅन्सरच्या त्या आतल्या भोंग्यालाही गोळ्या निघाल्यात. आमच्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे चाळीच्या जागी उभी राहिली तिच्यात, एक गृहस्थ ती गोळी घ्यायचे. पेशीच्या अंगावर वाढीचे निरोप घेणाऱ्या ज्या जागा, त्याच बंद करते ती. त्यांच्या तळहाताची आणि तळपायाची सालं निघायची, डॉक्टर म्हणायचे गोळीने असं होतं. दोन दिवाळ्या जास्त मिळाल्या त्यांना. मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो आणि मनात त्या कोळ्याला सांगायचो की बघ, तुझ्या वेळेला हे नव्हतं.

बायकोची गाठ पुढे पुढे तर शोधावी लागायची. वर्षाला एकदा दाखवायला जायचो, नंतर डॉक्टरीणबाई निवृत्त झाली आणि जाताना म्हणाली, आता येऊ नका. तरी मी बायकोला दरवर्षी श्रावणात विचारायचो, दुखतं का गं. ती म्हणायची, "तुम्ही विचारता तेव्हा दुखतं." पोरांची लग्नं झाली, आई गेली, नातवंडं झाली, तिचे हात थकले तरी गणपतीचे मोदक तिने कुणाला करू दिले नाहीत. आणि एका दुपारी, ताट वाढता वाढता, ती खाली बसली ती उठलीच नाही. म्हणून मी डॉक्टरला तो प्रश्न केला. ती गाठ परत आली नव्हती. आमच्या घरातून ज्या गोष्टीने तिला न्यायचं ठरवलं होतं तिच्या हाती ती लागली नाही. ती म्हातारी होऊन, स्वतःच्या पायावर, स्वतःच्या स्वयंपाकघरात गेली. एवढं मला डॉक्टरच्या उत्तरातून समजलं, आणि म्हणून हायसं वाटलं.

ती गेली त्या वर्षी घरात गणपती आणला नाही, माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत म्हणून. यंदा आणायचा होता. सून माझ्याकडे आली, दारात घुटमळली. ऑफिसला जाणारी मुलगी, पण मोदकांचा विषय निघाला की तिलाही सासूची आठवण येते. म्हणाली, "बाबा, तारीख जवळ आलीय. केमिस्टकडून गोळी आणू का? आईंच्या जागी बसायचंय म्हणून विचारते."

मी म्हटलं, "गोळी नको. तशीच बस."

"पण सोवळं?"

"ते ह्या घरात माझ्या आईने ठरवून ठेवलंय. तू उकडीला तेलाचा हात लाव."

ती बसली. कळ्या जाड आल्या, अगदी आईच्या आल्या होत्या तशा. नैवेद्य दाखवला, मग एक मोदक माझ्या ताटात आला. मी तो सगळा खाल्ला आणि दुसरा मागितला. त्या दुपारी ताटावर रडू आलं नाही.